कोरा पेला

"लवूभाऊ, तुम्ही आत या. वहिनी, तुम्ही जरा बाजूला थांबा."

गेटवरचा गुणवंत असं म्हणाला तेव्हा लवू पाष्टेला वाटलं, ह्याची सकाळचीच मस्करी चालू झाली. गुणवंतला सवय होती. लवू आणि मंदा गोडदेववरून चालत कंपनीच्या गेटवर पोचले की तो रोज काहीतरी बोलायचा. "आला जोडा, आला. अहो, एखाद दिवस तरी भांडून वेगवेगळे या!" आज मात्र तो मोबाईलमध्ये बघत बोलत होता आणि मान वर करत नव्हता.

"का रे बाबा, मी काय चोरी केली?" मंदा म्हणाली.

"लिस्ट आलीय वहिनी. ज्यांचं नाव आहे त्यांना आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय. मी काय करू सांगा?"

गेटच्या डाव्या हाताला पंधरा-वीस माणसं आधीच उभी होती. सगळी ओळखीची. पॅकिंगची संचिता भोईर पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती गोडदेवचीच, मूळ गावातली. मंदाला बघून तिनं विचारलं, "काकी, तुला पन काढली काय ग्रुपातून?"

तेव्हा मंदाच्या लक्षात आलं. आदल्या संध्याकाळी तिच्या मोबाईलवरून कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप नाहीसा झाला होता. तिला वाटलं, आपलंच बोट कुठेतरी लागलं आणि आपण सगळ्यांचा ग्रुप पुसून टाकला. जीव थाऱ्यावर राहिना, म्हणून तिनं धाकट्या शेठला, निकेतला, फोन लावून माफी मागितली होती. "सॉरी हां सर, माझ्या हातून ग्रुप गेला." निकेत म्हणाला होता, "कोई बात नहीं, आंटी."

गुणवंतनं एकेकाच्या हातात पाकीट दिलं. एकतीस पाकिटं. आतलं पत्र इंग्रजीत होतं. भांडी दाबायच्या प्रेसवरच्या जितेंद्रनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आपण म्हणे ठेकेदाराची माणसं. तीन वर्षांपासून. आता ठेका संपला."

"कुठला ठेकेदार?" मंदानं विचारलं. "मी तर कधी बघितला नाही त्याला. काळा की गोरा?"

दोन-चार जण हसले. मग कुणाला तरी आठवलं, तीन वर्षांपूर्वी नवीन आयकार्ड करायचं म्हणून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तो कागदही इंग्रजीतच होता.

धंदा मंद आहे हे सगळ्यांना दिसत होतं. बाहेर देशी जाणारा माल पडून होता. आठातल्या पाच प्रेस बंद, कपड्यानं झाकलेल्या होत्या. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग चार वाजताच्या चहाबरोबरचं बिस्किट बंद झालं. पण कुणी येऊन दोन शब्द बोललं नव्हतं. बिस्किट बंद झालं तेव्हा मंदा म्हणाली होती, "आता चहात पाणी वाढलं की समजायचं आपली पाळी." चहात पाणी वाढायच्या आधीच पाळी आली.

लवूला आत पाऊल टाकवेना.

"जा तुम्ही," मंदा म्हणाली. "दोघांनी बाहेर उभं राहून काय मिळणार? आपल्या समिधाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आणि हा घ्या डबा. दोघांची भाजी एकातच आहे, सगळी खा. परत आणू नका."

*

लवूचं काम भांड्यांवर नावं घालायचं. कारखान्यात स्टीलचे डबे, पेले, कळश्या बनत. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, बाराव्याच्या ऑर्डरी आल्या की त्या लवूच्या टेबलावर यायच्या. हातात पेनाएवढं मशीन, त्याची टोकदार सुई टर्रर्र करत स्टीलवर चालायची आणि मागे अक्षर उमटत जायचं. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर असं की मास्तरांनी बघत राहावं.

कारखान्यात एक रीत होती. ती मोठ्या शेठनी, किरीटभाईंनी, घातलेली. माणूस कायम झाला की शेठ स्वतः त्याच्या हातात एक पेला द्यायचे. लवू त्यावर त्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख घालायचा. मग तो पेला पाण्याच्या टाकीशेजारच्या मांडणीत उपडा राहायचा. ज्याचा पेला त्यानंच त्यातून पाणी प्यायचं. नवीन माणसं प्लास्टिकच्या मगानं प्यायची आणि मांडणीकडे बघत राहायची. संचिताला पेला मिळाला त्या दिवशी ती तहान नसताना चार वेळा पाणी पिऊन आली होती.

त्या मांडणीत एकच पेला कोरा होता. तो मंदाचा.

एकोणीस वर्षांपूर्वी मोठ्या शेठनी तो तिच्या हातात दिला तेव्हा लवूच्या टेबलावर लग्नाच्या तीनशे वाट्या पडल्या होत्या. तो म्हणाला, "मंदे, तुझा उद्या घालतो." दुसऱ्या दिवशी वसईची ऑर्डर आली. मग दिवाळी आली. मंदा चार-सहा महिने आठवण करत राहिली, पुढे तिनं त्याची गंमतच करून टाकली. "नावाची गरज त्यांना, ज्यांचा पेला हरवेल. बिननावाचा तेवढा माझा. आंधळासुद्धा ओळखेल." कंपनीत पाहुणा आला की त्याला त्याच पेल्यातून पाणी द्यायचे, कारण दुसऱ्या कुणाच्या नावाच्या पेल्यातून द्यायचं बरं दिसत नसे. मंदा म्हणायची, "बघा, साहेब लोक माझं उष्टं पितात."

त्या दिवशी लवूनं डबा उघडला. भेंडीची भाजी होती, चार चपात्या त्याच्या आणि तीन तिच्या. त्याला दोनच गेल्या.

जेवणानंतर निकेत खाली आला. बरोबर एक टाय लावलेला माणूस होता, सल्लागार की कोण. सकाळपासून दोघं वर काचेच्या खोलीत होते. निकेत वाईट मुलगा नव्हता. लहानपणी सुट्टीत तो लवूच्या टेबलाशी येऊन बसायचा आणि "काका, मेरा नाम लिखो" म्हणून पत्र्याचे तुकडे पुढे करायचा.

"लवूकाका," तो म्हणाला, "ये जो लोग गये, उनके गिलास आज बफ पे ले लो. नाम निकालो, पॉलिश करो, सेकंड के माल में डाल दो."

"का?" लवूनं विचारलं. त्याच्या तोंडून इतका साधा प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघाला होता.

निकेतनं टायवाल्याकडे बघितलं. टायवाला मराठीत म्हणाला, "त्याच्यावर तारखा आहेत ना काका. उगाच नंतर घोळ नको."

तेव्हा लवूला कळलं. पत्रात तीन वर्षं म्हटलं होतं आणि पेल्यांवर बारा, पंधरा, एकवीस वर्षांपूर्वीच्या तारखा होत्या. त्या सगळ्या त्याच्या हाताच्या.

तो मांडणीपाशी गेला. तीस पेले वेगळे काढले आणि एक कोरा. बफच्या मशीनपाशी नेऊन ठेवले. पहिला उचलला तो जितेंद्रचा. 'जितेंद्र गं. सावंत' आणि खाली तारीख. 'गं'वरचं टिंब जरा उजवीकडे सरकलं होतं. त्या दिवशी त्याला ताप होता, हे त्याला आठवलं. दुसरा संचिताचा. तिनं शेजारी उभं राहून नाव घालून घेतलं होतं. "काका, भोईरमधला भ मोठा काढा, आमचा घर मोठा हाय."

त्यानं मशीनचं बटण दाबलं नाही. एक रिकामा खोका आणला, पेले बटर पेपरात गुंडाळून त्यात भरले, वर खडूनं 'सेकंड' लिहिलं आणि सुटीच्या वेळी खोका खांद्यावर घेऊन गेटवर आला.

बाहेर जाणारा प्रत्येक खोका उघडून बघायचं काम गुणवंतचं. त्यानं वरचा कागद बाजूला केला. नाव वाचलं. कागद परत सारखा केला.

"सेकंडचा माल ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग न्या. जड आहे, रिक्षा करा." आणि खोक्याला हात देत म्हणाला, "लवूभाऊ, सकाळी मी वहिनींना बाजूला थांबा म्हटलं. तुम्ही त्यांना सांगा, माझं घर आहे, दोन पोरं आहेत."

"सांगतो."

*

घरी मंदानं खोका उघडला आणि पहिल्यांदा बोलली ती रागावूनच. "तुमची नोकरी होती ना? एक तरी राहिली होती ना घरात?" मग तिनं एकेक पेला बाहेर काढला, पदरानं पुसला आणि नाव मोठ्यानं वाचून कट्ट्यावर मांडला, हजेरी घेतल्यासारखा. समिधा दारात उभी राहून बघत होती. शेवटी कोरा पेला निघाला. तो मंदानं वाचल्यासारखा केला आणि म्हणाली, "मंदा लवू पाष्टे, हजर."

समिधा हसली. लवूला हसता आलं नाही.

दुसऱ्या सकाळी कंपनीच्या अंगठ्याच्या मशीननं लवूचा अंगठा घेतला नाही. त्यानं तीनदा पुसून लावला. गुणवंत म्हणाला, "नका लावू भाऊ. पेल्यांचं वर कळलंय." लवू परत आला.

चार दिवसांनी रविवार होता. मंदानं सगळ्यांना फोन केले. भांडायला नाही, भेटायला जायचं, असं तिनं प्रत्येकाला बजावलं. मोठे शेठ गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं बेव्हर्ली पार्कला घरीच बसून होते. कारखाना सगळा निकेतच्या नावावर झाला होता. पण पेले त्यांनी दिले होते.

शनिवारी संध्याकाळी लवूनं स्वतःचं जुनं मशीन काढलं, वायर जोडली आणि कोरा पेला पुढ्यात घेतला.

"काय करताय?" मंदानं विचारलं.

"तुझं नाव घालतो. तारखेसकट. माझ्या लक्षात आहे, नऊ सप्टेंबर."

तिनं पेला त्याच्या हातातून काढून घेतला. "आता घालाल तर ते नवं चमकेल. बाकीच्यांची अक्षरं घासून घासून काळी पडलीत. शेठना भांड्यातलं कळत नाही वाटतं? एक खोटा निघाला तर तीसही खोटे ठरतील."

"पण तारीख खरी आहे."

"तारीख खरी आहे. अक्षर आजचं आहे."

लवू मशीन हातात धरून बसून राहिला. एकोणीस वर्षांत त्याला दहा मिनिटं मिळाली नव्हती. दहा मिनिटांचंच काम होतं.

"अहो, असं तोंड नका करू," मंदा म्हणाली. "सगळं झालं की घरी घाला, सावकाश. चांगलं वळणदार. मला काय घाई आहे?"

*

बेव्हर्ली पार्कच्या त्या इमारतीत वॉचमननं आधी एवढ्या लोकांना सोडायला नकार दिला. मग वरून शेठाणीनं सांगितलं तेव्हा सोडलं. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मोठे शेठ खुर्चीत होते, पाय स्टुलावर.

कुणी काही बोलायच्या आधी मंदानं त्यांच्यापुढच्या टेबलावर पेले मांडले. एकामागे एक. शेठनी चष्मा लावला. एक पेला उचलला, फिरवून बघितला, ठेवला. दुसरा उचलला.

"जितेंद्र. तेरी शादी में आया था मैं. खूब ऊन होता," ते म्हणाले. तिसरा उचलला. "हे कोण, संचिता? बोईसरची?"

"न्हाय शेठ, गोडदेवची."

"हां हां, मोठा घरवाली."

पंधरा-वीस पेले झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हे सगळा मी दिला आहे," ते हळू म्हणाले. "निकेत काय बोलला तुमाला?"

"काही बोलला नाही शेठ," मंदा म्हणाली. "तेच तर. मंदी आहे, माल जात नाही, आम्हाला दिसतं. आम्ही काय लहान आहोत? कमी करायची तर करा. पण समोर येऊन सांगायचं ना, की मंदाबेन, आता नाही जमत. आम्ही चहा पिऊन गेलो असतो. गेटवर यादी लावली, आणि वर म्हणता आम्ही तुमचे नव्हतोच."

शेठाणी आतून पाणी घेऊन आली. काचेचे ग्लास. कुणी घेतले नाहीत. मग मंदानं टेबलावरचा आपला कोरा पेला उचलून पुढे केला. "मला यात द्या, बेन."

शेठनी तो पेला बघितला. "आ कोरो केम?"

"घालणारा घरचाच आहे ना शेठ. त्याला वेळ नाही मिळाला."

सगळे हसले. भिंतीपाशी उभे राहून राहून अवघडलेली माणसं मोकळी होऊन हसली, शेठही हसले. लवू लादीकडे बघत होता.

शेठनी त्यांच्यासमोर मुलाला फोन लावला. गुजरातीत बोलले. आवाज चढवला नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांना कळलं: नाव मी दिलेलं, ते तू पुसायचं नाहीस.

नोकऱ्या काही परत मिळाल्या नाहीत. पण उन्हाळा संपेपर्यंत तीस जणांची नवी पत्रं निघाली, मराठीत. त्यात पेल्यावरची तारीख धरली होती आणि तेवढ्या वर्षांच्या हिशेबानं प्रत्येकाला मिळायचे ते पैसे मिळाले. निकेतनं ती पत्रं स्वतः दिली, प्रत्येकाला खुर्ची देऊन. संचिताच्या हातात देताना त्याला घाम फुटला होता, असं ती सांगत होती. "पन दिलान बाबा, डोल्यात बघून दिलान."

मंदाचं पत्र तीन वर्षांचंच निघालं. तिची तारीख कुठेच नव्हती. मोठ्या शेठना ती चांगली आठवत होती, तारीख आठवत नव्हती, आणि कंपनीचा वकील म्हणाला एकाला तोंडी धरलं तर सगळ्यांचं परत काढावं लागेल. मंदानं सही केली. "राहू दे," ती म्हणाली. "तिसांचं झालं ना?"

कंपनीचा जिना उतरताना लवू म्हणाला, "मंदे, माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे काय एकेक," ती म्हणाली. "तुमच्यामुळे तर पेले आले घरी. चला, संचितानं बोंबलाचं कालवण केलंय, उशीर झाला तर संपवतील मेले."

*

दिवाळीच्या सुमाराला मंदाच्या पोटात दुखायला लागलं. पित्त आहे म्हणून तिनं महिना काढला. डॉक्टरांनी गाठ सांगितली तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आजारपणातही घर भरलेलं असायचं. पेलेवाले येऊन जात. जितेंद्र नव्या जागी लागला होता, सिल्व्हर पार्कजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. गुणवंत ड्युटी संपवून यायचा आणि दारातच विचारायचा, "वहिनी, आत येऊ की बाजूला थांबू?" मंदा म्हणायची, "लिस्ट बघावी लागेल रे." त्या कोऱ्या पेल्यातूनच ती औषधाचं पाणी घ्यायची. चैत्रात ती गेली.

बाराव्याला द्यायला वाट्या घ्याव्यात, असं भावकीनं ठरवलं. कै. मंदा लवू पाष्टे यांच्या स्मरणार्थ. लवूनं असं 'स्मरणार्थ' हजारो वेळा घातलं होतं. एका बैठकीत दीडशे वाट्या संपवायचा तो. त्यानं पहिली वाटी घेतली, मशीन टेकवलं, 'कै.' काढला आणि मशीन बंद केलं. समिधा म्हणाली, "राहू दे बाबा, मी नाक्यावर लेझरवाल्याकडून करून आणते." ती आणलेली अक्षरं छापील होती. सगळी एकसारखी.

आता लवू घरीच काम करतो. दाराशी छोटं टेबल टाकलंय. गोडदेवची माणसं आपली भांडी घेऊन येतात. बारशाचा पाळण्यातला वाटी-चमचा, मुलीच्या लग्नाची भांडी, सोसायटीच्या पूजेची परात. संचिताच्या जावेनं नवीन घर घेतलं, तिचे सगळे डबे त्यानंच केले. समिधाला नोकरी लागली आहे. ती सकाळी निघताना विचारते, "बाबा, आज आईचा?" तो म्हणतो, "आज घालतो."

कोरा पेला टेबलावरच असतो, डाव्या हाताला. तो त्यातूनच पाणी पितो. नाव काय घालायचं ते ठरलेलं आहे. तारीखही ठरलेली आहे, नऊ सप्टेंबर. 'कै.' घालायचा नाही, हेही ठरलं आहे.

आज सकाळी पाच वाट्या आणि एक कळशी आली. संध्याकाळपर्यंत त्या झाल्या. मंदाच्या पेल्यावर नाव घालायचं राहिलं आहे.